शालनकाकी आणि चटणीचे दिवस

आमच्या उचगावच्या गल्लीत वसंत खोकत येतो. होळीच्या आसपास कुणाच्या तरी गच्चीवर पहिल्या मिरच्या वाळत पडतात, दुपारी वारा फिरतो, आणि अख्खी गल्ली एकदम खोकायला लागते. त्याआधी थंडी कधी गेली हे कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. कोकिळा ओरडत असते, आंब्याला मोहर आलेला असतो, पण बघायला सवड कुणाला आहे? ब्याडगी ओलसर तर नाही ना, लवंगी कितपत तिखट आहे, डंकावर आपला नंबर कधी लागणार, ह्यातच सगळ्या बायका गुंतलेल्या. डंक म्हणजे आमच्याकडची मिरची कुटायची गिरणी, लोखंडी मुसळांची. चैत्र संपेपर्यंत ती धडधडत असते.

परवा मीही मिरच्या पसरल्या. पसरता पसरता सवयीनं शेजारच्या गच्चीकडं पाहिलं. ती रिकामी आहे आणि खालच्या दाराला कुलूप आहे. ते घर शालनकाकींचं. काकी आता कॅनडात मुलाजवळ राहतात. विनिपेग नावाचं शहर आहे, तिथं ह्या दिवसांत अजून बर्फ असतं. अधूनमधून फोनवर दिसतात, नात दाखवतात, बऱ्या आहेत. पण मला लिहायचंय ते गच्चीवरच्या शालनकाकींबद्दल.

काकी उंच, हाडापेरानं रुंद, आणि आवाज असा की मोबाईल घेऊन दिला तेव्हा त्यांचे यजमान दत्ताकाका म्हणाले होते, "हिला फोन कशाला? गच्चीवरनं हाक मारली तर पोचतंय की कॅनडाला." आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तशा काकी स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलायच्या. माणसांना नावानं हाक मारायचं त्यांना कधी जमलं नाही, त्या गावानं हाक मारत. मी लग्न होऊन गडहिंग्लजहून आले, दुसऱ्याच दिवशी परड्याच्या भिंतीवरून आवाज आला, "ए गडहिंग्लज, चहा झाला का?" तेव्हापासून मी गडहिंग्लजच. माझ्या बोलण्यात कानडी हेल होता, त्याची नक्कल त्या माझ्यासमोर, माझ्याहून चांगली करत. त्यांची स्वतःची सून सांगलीची, म्हणून तीही 'सांगली'. सिलिंडरवाला, वीजबिलवाला, मत मागायला आलेला पुढारी, हे सगळे सरसकट 'पावणं'. पावण्याला उन्हातून आत बोलावून पाणी द्यायच्या आणि मग दारात उशिरा आल्याबद्दल त्याचीच खरडपट्टी काढायच्या.

थंडी संपली की नाही हे गल्लीत काकी ठरवत. त्याची रीत ठरलेली होती. त्यांच्या न्हाणीच्या खिडकीत खोबरेल तेलाची बाटली असायची. मार्गशीर्षात ते तेल गोठायचं, मग रोज सकाळी बाटली चुलीजवळ नेऊन ठेवायची आणि बोटभर तेल सुटायची वाट बघायची. माघ सरता सरता एखाद्या सकाळी बाटली उचलली की तेल आपसूक हलायचं. काकी ती बाटली हातात घेऊन भिंतीशी येत आणि कानाजवळ खुळखुळा वाजवावा तशी हलवून दाखवत. "तेल पातळ झालं गं. मिरच्या बघा आता." त्यांनी म्हटलं की झालं. त्याच्या आधी कुणी मिरच्या आणल्या तर त्या बाईची खैर नसे.

आणि चटणी काकींच्याच हातची. म्हणजे मिरच्या ज्याच्या त्याच्या, डंकावर ज्यानं त्यानं कुटून आणायच्या, पण कांदा-लसणाचं वाटण घालून हातानं मळायचं काम आलं की आम्ही सगळ्या परात घेऊन काकींच्या परड्यात. त्यांचा हात मोठा आणि अंदाज पक्का. कोपरापर्यंत लाल होऊन त्या मळत बसत, आणि मळून झालं की दोन्ही हात लांब धरून बोंब मारत, "आग झाली, आग! गडहिंग्लज, तूप आण!" मी तुपाची वाटी घेऊन धावायची आणि त्यांच्या हाताला चोळायची. दोन दिवस हाताची आग राही आणि दोन दिवस त्या सगळ्या गल्लीला त्याबद्दल शिव्या घालत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हातमोजे आणून दिले तर म्हणाल्या, "हातमोजं घालून मळलं की चटणी कुणाच्या हातची म्हणायची? रबराच्या?"

माझं पहिलं वर्ष होतं. काकी स्वतःच्या घरची चटणी मळत होत्या, मी शेजारी बसून लसूण सोलत होते. चिमूटभर चाखून बघितली आणि नव्या सुनेला शोभणार नाही अशा उत्साहानं म्हटलं, "काकी, मीठ कमी पडलंय." काकींनी लाल हातानंच माझ्या दंडाला चिमटा काढला. "म्हाईत हाय मला. गप बस."

मग त्यांनी काकांना हाक मारली. दत्ताकाका फौंड्रीत होते, साच्यांच्या कामात. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. भट्टीजवळ आयुष्यभर घाम गाळलेला, त्यामुळं मीठ त्यांना जरा जास्तच लागायचं. ते आले, पाटावर बसले. काकींनी भाकरीचा चतकोर, त्यावर नवी चटणी आणि तेलाची धार असं समोर ठेवलं. काकांनी घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. 

"मीठ कमी हाय," काका म्हणाले.

"कमी? भट्टीत जीभ करपलीया तुमची! चांगलं मापानं घातलंय!"

"असंल. पर कमी हाय."

त्यावर काकींनी असा आवाज चढवला की चार घरं पलीकडच्या बायकांनी कामं थांबवून ऐकलं. भांडता भांडता त्यांनी पाठीमागं झाकून ठेवलेली मिठाची वाटी काढली, ती परातीत उपडी केली, मळली, पुन्हा एक घास दिला. "आता?"

"आता झाली," काका म्हणाले, आणि हात धुऊन, छाती पुढं काढून बाहेर गेले.

ते गेल्यावर काकी मला म्हणाल्या, "पहिल्या साली खरंच कमी पडलंतं. त्यास्नी कळलं म्हणून लई आनंद झालता. आता घरात दुसऱ्या कशात त्यांचं काय चालतंय व्हय? एवढं तरी चालू दे की."

तेव्हापासून दरवर्षी मी ते बघत आले. मीठ काढून ठेवायचं, काकांनी म्हणायचं, काकींनी भांडायचं, मग मीठ घालायचं. 'मीठ कमी हाय' हे वाक्य भिंतीपलीकडून ऐकू आलं की गल्लीत म्हणत, झाली शालनची चटणी. काकांना आतली गोष्ट ठाऊक असणार असं मला वाटतं. कारण एका वर्षी पाहुण्यांच्या गडबडीत काकींनी सगळं मीठ एकदमच घालून टाकलं, आणि तरीही काकांनी डोळे मिटून, सावकाश चावून, तेच म्हटलं. काकी मिठाची रिकामी वाटी हातात धरून बघत राहिल्या. मी लसूण सोलत होते म्हणून बरं, हसू लपवता आलं.

सचिन, त्यांचा एकुलता एक मुलगा, इंजिनियर होऊन कॅनडाला गेला. सांगलीला, म्हणजे सुनेला, दिवस गेले, तेव्हा बाळंतपणाला काकींनी जायचं ठरलं. काका म्हणाले, "माझं तिकडं काय काम? मला थंडी सोसत न्हाय." दिवाळी झाल्यावर काकी निघाल्या. गाडीत बसता बसता काकांना बजावलं, "तेल पातळ व्हायच्या आत येतो. मिरच्या बघून ठेवा. ओल्या घेऊ नका." काकांनी मान हलवली. गाडी वळेपर्यंत ते फाटकात उभे होते. मग आत जाऊन त्यांनी लगेच दार लावून घेतलं.

काकी तिकडून रोज फोन करायच्या. काकांना व्हिडिओ कॉल उचलता यायचा नाही म्हणून ते आमच्याकडं येऊन बसत. एकदा काकींनी सांगितलेली गोष्ट मला शब्दन्‌शब्द आठवते. नात नुकतीच झाली होती.

"सकाळी उठलो, बघतो तर लख्ख ऊन. असलं ऊन आपल्याकडं शिमग्यात बी पडत न्हाय. म्हटलं, पोरीची दुपटी ऊन खाऊ देत. बाल्कनीत दोरी बांधली, आणि सगळी दुपटी, लंगोटं वाळत घातली. घरात आलो, चहा केला, परत गेलो. बघतो तर दुपटी पापडागत कडक! हात लावला की टण्‌ वाजायला लागली! ऊन होतं गं, डोळं दिपवणारं ऊन, आणि त्यात ऊबच न्हाय!"

काका हसून हसून डोळे पुसायला लागले. हे असं आमच्याकडच्या बाईकडूनच व्हायचं. आमच्याकडं ऊन म्हणजे गरमच. ऊन असून गारठा असतो, हे कोल्हापूरच्या माणसाच्या डोक्यात शिरायला स्वतःची दुपटी गोठायला लागतात.

"मग ती काढत बसलो की मी," काकी सांगत होत्या. "हातात मोजं बी न्हाईत. बोटं बधिर झाली. पर दुखंना गं अजिबात. मला वाटलं, काय न्हाय हो, एवढी काय थंडी न्हाय. आत आलो, कोमट पाण्यात हात घातलं, आणि मग जे दुखलं! अशी बोंब मारली, सांगली पळत आली. सच्या म्हणतोय कसा, आई, दुखतंय हे चांगलं. दुखायचं थांबलं की भ्यायचं."

"हातमोजं घाल की मग," काका म्हणाले.

"घालतो. आणि हे बघा, हितं घरात मशिनीची ऊब. तेल बारा म्हयनं पातळच. थंडी गेली हे कळायचं कसं हो?"

"मी सांगतो की फोनवर," काका म्हणाले. "आपलं पातळ झालं की सांगतो."

ते सांगायचं राहिलं. माघातली सकाळ होती. काका दूध आणायला गेले, परत आले, किटली पायरीवर ठेवली आणि तिथंच बसले. माझे यजमान कामाला निघाले होते, त्यांनी बघितलं. रिक्षा आणली, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. तिकडं बर्फाचं वादळ, विमानं बंद. सचिनला निघता येईना, काकींना तर नाहीच. काकांच्या पुतण्यानं अग्नी दिला. माझ्या यजमानांनी व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. त्या छोट्या चौकोनात काकी दिसत होत्या, पाठीमागं खिडकी, खिडकीत नुसतं पांढरं. सचिन हुंदके देत होता. काकी बघत होत्या. नंतर मी फोन हातात घेतला तर त्यांनी एवढंच विचारलं, "दुधाला जाताना स्वेटर घातलंतं का त्यांनी?"

मी म्हटलं, "होय, घातलं होतं." घातलं होतं का ते मला माहीत नव्हतं.

आता येऊन तरी काय करायचं, असं सगळ्यांनीच काकींना सांगितलं. सांगलीचे टाके ओले, नात लहान. दिवसकार्य पुतण्यानं केलं. काकी आल्या त्या वैशाखात, सचिनबरोबर. आमच्याकडं अशी बाई घरी परतली की गल्लीतल्या बायका जमतात, तिच्या गळ्यात पडतात, मोठ्यानं रडतात, आणि तिनं रडायचं असतं. ह्यात दिखावा असतो असं मला पूर्वी वाटायचं, आता वाटत नाही. काकी गाडीतून उतरल्या, तशा आम्ही सगळ्या पुढं झालो. गल्लीच्या वरच्या अंगाच्या एका म्हातारीनं गळा काढला. काकी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हातारी रडून दमली, तेव्हा काकी म्हणाल्या, "बसा. चहा टाकतो."

आणि खरंच आत जाऊन त्यांनी चहा टाकला.

गल्लीत चर्चा झाली. कुणी म्हणालं, परदेशात राहून बाई कोरडी झाली. कुणी म्हणालं, रडत नाही ते वाईट, आत साचतंय. सचिन जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, आईला जरा रडवा हो. तिकडं बी एक थेंब न्हाय." मी काय करणार होते? मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं आणि न बघूनही चालत नव्हतं. काकी जेवत होत्या, झोपत होत्या, परडं झाडत होत्या. फक्त भिंतीवरून हाक यायची बंद झाली. सिलिंडरवाला आला तर मुकाट्यानं पैसे देत. पावणं म्हणत नसत.

एका संध्याकाळी मी त्यांच्या पायरीवर बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काकी, तिकडं उन्हाळा कसा लागतो हो?" तेव्हा त्यांनी सांगितलं. वर्षभरात एवढं मोठं बोलणं ते एकच.

"तिकडं सांगून येतोय," काकी म्हणाल्या. "आपल्यागत चोरून न्हाय येत. नदी गोठलेली असती, वरनं माणसं चालत जात्यात. मग एक दिवस ती फुटती. सच्या गाडीतनं घेऊन गेलता बघायला. पुलावर ही गर्दी. आपल्याकडं पूर बघायला जात्यात तशी. एवढाल्ल्या लाद्या एकमेकीवर चढत होत्या, कडाडा आवाज. माणसं हसत होती, अर्ध्या चड्ड्या घालून पोरं पळत होती, गारठा असताना. एक म्हातारी मला न ओळखता हात धरून कायतरी बोलली. रडत होती ती. आनंदानं. मला वाटलं, आता मला बी कायतरी हुईल."

"मग?"

"काय न्हाय. सच्या म्हणाला, आई, चल, गार लागंल. आलो घरला."

पदरानं पायरी पुसत त्या म्हणाल्या, "तिकडं कळतंय तरी, आज सपलं म्हणून. हितं काय, कुठल्या दिवशी सपायचं?" समोरच्या आंब्याची जुनी पानं गळत होती आणि त्याच फांदीवर कोवळी लाल पानं आली होती, आमच्याकडं ते एकाच वेळी चालतं. मी उठून घरी आले.

वर्ष सरलं. माघात पुतण्यानं वर्षश्राद्ध केलं, काकींनी सगळ्यांना वाढलं. सचिनचा फोन आला की आता घर बंद करून इकडंच ये. काकी म्हणाल्या, बघू. तेल पातळ झालं. त्या वर्षी बाटली भिंतीशी आली नाही. माझ्या न्हाणीत मीच बघितलं आणि बराच वेळ ती बाटली हातात धरून उभी राहिले. गल्लीतल्या बायका थांबल्या होत्या, काकींनी म्हटल्याशिवाय मिरच्या कशा आणायच्या? शेवटी मीच जाऊन म्हटलं, "काकी, तेल पातळ झालं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय? मग आणा की मिरच्या."

मळायला मात्र बसल्या. आमच्या सगळ्यांच्या पराती झाल्या, सगळ्यांत शेवटी त्यांची स्वतःची. मी लसूण सोलत होते, नेहमीच्या जागी. काकींनी मीठ घातलं, आणि थोडं मीठ वाटीत काढून पाठीमागं झाकून ठेवलं. त्यांच्या हातानं ते केलं, काकींचं लक्ष तिथं होतं असं मला वाटत नाही. मळून झालं. त्या बसून राहिल्या. मीही बसले. कुणाला हाक मारायची नव्हती. मग त्यांनी बरण्या ओढल्या आणि चटणी दाबून भरायला लागल्या. मिठाची वाटी तशीच पाठीमागं.

मला बोलायला हवं होतं. पण ते वाक्य माझं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते ऐकून काकींचं काय होईल, हे मला कळेना. मी म्हटलं, "काकी, तूप आणू का हाताला?" त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मनगटाच्या वरपर्यंत लाल होते. "नको. काय होत न्हाय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज साधा होता. मला भीती वाटली, खरोखरची भीती, कारण 'दुखायचं थांबलं की भ्यायचं' हे सचिनचं बोलणं मला आठवत होतं.

रिवाजाप्रमाणं वाटीवाटी चटणी घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाड्याजवळ सगळ्यांचा एकच विषय. मीठ कमी आहे. असं कांदा-लसणाचं वाटण, त्यात मीठ कमी, म्हणजे पहिल्या पावसात बुरशी, सालभराची चटणी वाया. पण सांगायचं कुणी? ते वाक्य कुणाचं होतं हे सगळ्या गल्लीला पाठ. "तू सांग, तू शेजारची," असं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी रोज ठरवत होते आणि रोज भिंतीपर्यंत जाऊन परत येत होते.

माझे सासरे तेव्हा शाहूवाडीला लेकीकडं गेलेले. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं ते मोठ्यानं बोलतात, आणि गल्लीत काय चर्चा चाललीय ह्याच्याशी त्यांना कधीच देणंघेणं नव्हतं. ते परत आले, भर दुपारी परड्यात जेवायला बसले. मी गरम भाकरी वाढली. "शालनची चटणी आली का?" त्यांनी विचारलं. मी वाटी ठेवली. मनात दुसराच काहीतरी विचार होता, नाहीतर ठेवली नसती. भिंतीपलीकडं काकी परडं झाडत होत्या, खराट्याचा आवाज येत होता.

मामंजींनी घास घेतला. चावला. आणि भिंतीकडं तोंड करून, आपल्या सगळ्या आवाजानिशी ओरडले, "ए शालन! मीठ कमी हाय की गं!"

खराटा थांबला.

मी भाकरीच्या उलथन्यासकट जागच्या जागी उभी. मामंजी दुसरा घास घेणार तोच माझं तोंड बघून थांबले. "काय झालं? मी काय चुकीचं बोललो काय?" मग पलीकडून बरणी फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. मी भिंतीला वळसा घालून धावले.

काकींनी परात मधोमध घेतली होती. बरणीतली चटणी हातानं ओरबाडून त्या परातीत काढत होत्या. ती वाटी अजून चुलवणाच्या, म्हणजे परड्यातल्या मोठ्या चुलीच्या, मागं झाकलेलीच होती, इतक्या दिवसांत कुणी हलवली नव्हती. काकींनी न बघता हात मागं नेला, वाटी काढली, परातीत उपडी केली आणि मळायला लागल्या. मळता मळता बोलायला लागल्या, आधी हळू.

"कमी? कमी कसं हुईल? चांगलं मापानं घातलंय. भट्टीत जीभ करपलीया तुमची. चांगलं मापानं..."

आणि मग आवाज फुटला. अख्ख्या गल्लीनं इतकी वर्षं ऐकलेला, कॅनडाला पोचणारा तो आवाज. "अवो, सांगायला का न्हाय आलासा वो! मी बरणी भरली की वो! कुणी म्हटलं न्हाय वो मला!"

बायका धावत आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाचा पदर ओला. दारातच थांबल्या, कुणाला वाटलं नवीन काहीतरी झालं. वरच्या अंगाची म्हातारी तेवढी पुढं आली, काकींच्या शेजारी फरशीवर बसली आणि पाठीवर हात ठेवला. ह्या वेळी ती रडली नाही. काकी रडत होत्या आणि मळत होत्या, थांबत नव्हत्या. पलीकडं भिंतीशी मामंजी अर्धी भाकरी हातात घेऊन उभे होते, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या आधी काकी सचिनकडं गेल्या. निघाल्या तो दिवस मला फारसा आठवत नाही, सामानाची गडबड होती. मला ती दुपार आठवते. कितीतरी वेळानं त्यांचा आवाज बसला. परातीतून हात बाहेर काढून त्यांनी समोर धरले, कोपरापर्यंत लाल, मिठाचे खडे चिकटलेले. त्यांनी बोटं हलवली. तोंड वेडंवाकडं केलं.

"आग व्हायला लागली गं," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडं बघून, मोठ्यानं, "नुसती काय बघत उभी ऱ्हायलीस, गडहिंग्लज? तूप आण की!"

मी तूप आणायला धावले.